क्रमशः... हरिभाऊ आपटे

आधी एक कोडं घालते. एक मुलगा आहे. वाचनाचं जबरदस्त वेड. इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडणारा. शाळेत शिकवायला कोण? तर साक्षात चिपळूणकर, आगरकर आणि टिळक! घरात काका हायकोर्टाचे नामांकित वकील, म्हणजे पैशाचीही चिंता नाही. असा मुलगा कॉलेजात गेला तर त्याचं काय व्हायला हवं? फर्स्ट क्लास? डिस्टिंक्शन? छे! गणिताने त्याला असा काही अडवून धरला की पदवी त्याला शेवटपर्यंत मिळालीच नाही.

एम-थ्रीमुळे ज्यांची झोप उडाली आहे त्या सगळ्यांनी इथे क्षणभर थांबून हात जोडायला हरकत नाही. कारण हा मुलगा म्हणजे हरि नारायण आपटे. सगळा महाराष्ट्र त्यांना हरिभाऊ म्हणतो. आणि ज्या मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही, त्याच विद्यापीठाने १९१५ साली त्यांना विल्सन व्याख्यानं द्यायला मानाने बोलावलं. विषय होता मराठी भाषेचा उगम आणि विकास. पण हे फार पुढचं झालं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. त्यामुळे ऐतिहासिक प्रेमकथा म्हटलं की डोळ्यांपुढे वॉल्टर स्कॉट यायचा, अलेक्झांडर ड्यूमा यायचा. तलवारी, घोडे, कैदेत पडलेली राजकन्या, वेष पालटून आलेला नायक, हे सगळं इंग्लंड-फ्रान्समध्येच घडतं अशी माझी प्रामाणिक समजूत! हेच सगळं आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दर आठवड्याला छापून येत होतं आणि लोक त्याची वाट बघत बसत होते, हे कळलं तेव्हा गंमत वाटली. मग हरिभाऊंची 'उषःकाल' हातात घेतली. मराठी वाचायला मला वेळ लागतो आणि पुस्तक चांगलंच जाडजूड, त्यामुळे एक आख्खं सेमिस्टर गेलं. पण सोडवेना, हेही तितकंच खरं.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. होस्टेलमधली जळगाव, एरंडोलकडची मंडळी सुट्टीत नाशिकहून एसटीने घरी निघतात तेव्हा मालेगाव आणि धुळं मागे पडल्यावर जे पारोळं लागतं, तेच हे. गावात भुईकोट किल्ला आहे. किल्ल्यांवर इतक्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस किल्ल्याच्या गावात जन्मावा हा नुसता योगायोग म्हणायचा, कारण तिथे ते फार राहिलेच नाहीत. बालपण गेलं मुंबईत आणि मग पुण्यात, काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखाली.

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. तिथे हरिभाऊ शिकले. १८८२ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले तेव्हा या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' नावाची कविता लिहिली. वय अठरा. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं 'विकारविलसित' नावाने भाषांतर केलं, तर हरिभाऊंनी त्यावर बहात्तर पानांची टीका लिहून छापली! आपल्या एचओडींच्या पुस्तकावर बहात्तर पानी परीक्षण लिहायची कोणाची हिंमत आहे का, जरा हात वर करा. अर्थात ते आगरकर होते. शिष्याने डोळे झाकून मान डोलवावी असं वाटणाऱ्यांतले ते नव्हतेच.

म्हणजे डोकं होतं, मेहनत होती, वाचन तर विचारूच नका. फक्त गणित नव्हतं. डेक्कन कॉलेज झालं, फर्ग्युसन झालं, पदवी नाही ती नाहीच. त्या काळी बी.ए. म्हणजे सरकारी नोकरी, मान, पगार, सगळं काही. ते दार बंद झालं. मग माणसाने काय करावं?

हरिभाऊंनी कादंबरी लिहायला घेतली. १८८५ साली 'मधली स्थिती' पुणे वैभव या पत्रातून क्रमशः येऊ लागली. लेखकाचं वय एकवीस, म्हणजे माझ्याहून जेमतेम एका वर्षाने मोठा. मूळ प्रेरणा रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रजी लेखकाची. हा रेनॉल्ड्स लंडनच्या गुन्हेगारी गल्ल्यांच्या भडक गोष्टी लिहायचा आणि त्या आठवड्या-आठवड्याला स्वस्तात विकल्या जायच्या. आपल्याकडे त्या काळच्या शिकलेल्या मुलांत त्याची प्रचंड क्रेझ होती. हरिभाऊंनी त्याच्याकडून खुबी उचलली, पण लंडन तिथेच ठेवलं. त्यांच्या कादंबरीत पुणं आलं. पुण्याचे वाडे, पुण्याची माणसं, दारू आणि ढोंगाने पोखरलेली शिकलेली पिढी.

ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. त्याआधीच्या मराठी कादंबऱ्या बहुतेक सगळ्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' छापाच्या. सुंदर राजपुत्र, त्याहून सुंदर राजकन्या, जादू, योगायोग, आणि गाव कुठलं तर कुठलंच नाही! अपवाद होते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी १८७१ साली 'मोचनगड' लिहायला घेतली, तीच मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. पण खऱ्या जागी खरी माणसं चालवायची आणि हे काम वर्षानुवर्षं करत राहायचं, हे हरिभाऊंनी केलं.

लिहून पोट भरत नव्हतंच (आजही कोणाचं भरतं?). इथे काका पुन्हा मदतीला आले. महादेव चिमणाजींनी संस्कृत ग्रंथांसाठी पुण्यात आनंदाश्रम नावाची संस्था काढली. जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा करायच्या, तपासायच्या, छापायच्या. तिचं व्यवस्थापन हरिभाऊंकडे आलं आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळलं. पुण्याला अप्पा बळवंत चौकात आपण सगळे कधी ना कधी पुस्तकांसाठी गेलेलो असतो. सेकंड हँड रेफरन्स बुक, जुने प्रश्नसंच वगैरे. आनंदाश्रम तिथेच आहे, बुधवार पेठेत, चौकाला लागून. पुढच्या वेळी गेलात तर पाटी जरूर बघा.

म्हणजे दिवसा पोथ्या, शास्त्री, पाठभेद, प्रुफं. आणि उरलेल्या वेळात? १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक सुरू केलं.

नाव ऐकून टाइमपास वाटेल, पण त्या वेळचं पुणं डोळ्यांसमोर आणा. एकीकडे केसरी, दुसरीकडे आगरकरांचा सुधारक. लग्नाचं वय, विधवांचे प्रश्न, सरकार, काँग्रेस, रोज कडाक्याची भांडणं. कालचे मित्र आज एकमेकांवर अग्रलेख लिहितायत. अशा गरम हवेत हरिभाऊंनी ठरवलं की आपण घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं काहीतरी काढू. गोष्टी, चरित्रं, शास्त्रीय माहिती, कविता. मत तर त्यांना होतंच, ते सुधारकांच्या बाजूचे होते, रानडे-गोखल्यांच्या विचारांचे. पण वाद घालण्यापेक्षा गोष्ट सांगितली तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोचते हे त्यांना बरोबर समजलं होतं. 'पण लक्षात कोण घेतो' ही यमू नावाच्या मुलीने स्वतःच सांगितलेली आपली कहाणी याच करमणुकीत आली. लग्न, संसार, नवऱ्याचा मृत्यू, मग केशवपन. १८९० ते १८९३ एवढा काळ ती चालू होती. एका पुरुषाने हे बाईच्या तोंडून इतकं खरं कसं लिहिलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. काशीबाई कानिटकर या लेखिकेशी त्यांची मोठी मैत्री होती आणि दोघांमध्ये भरपूर पत्रव्यवहार होता. मला वाटतं, बायकांच्या जगाचं बरंचसं दार त्यांना तिथून उघडलं असावं.

आता आपण थोडा हिशोब करू. शेवटी इंजिनिअर आहोत! करमणूक साप्ताहिक. वर्षाला बावन्न अंक. हे पत्र १९१७ पर्यंत चाललं, म्हणजे सत्तावीस वर्षं. कागदावरच्या हिशोबाने चौदाशेच्या वर अंक होतात. प्रत्येक अंकात चालू कादंबरीचं प्रकरण हवं. बऱ्याचदा एकाच वेळी दोन कादंबऱ्या चालू असायच्या, एक सामाजिक, एक ऐतिहासिक. शिवाय अंकात छोटी गोष्ट, तिला ते स्फुट गोष्ट म्हणत, आणि मराठी लघुकथेचं मूळ लोक तिथेच शोधतात. शिवाय संपादकाची बाकीची कामं. आपल्याला सेमिस्टरला एकदा सबमिशन असतं तर सगळं होस्टेल रात्रभर जागं असतं. या माणसाचं सबमिशन दर आठवड्याला होतं आणि एक्स्टेन्शन द्यायला कोणी सर नव्हते.

त्यात छपाई म्हणजे आजच्यासारखं काम नाही. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा हाताने उचलून ओळ जुळवायची, प्रुफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, मग पान मशीनवर. म्हणजे मजकूर अंक निघायच्या बराच आधी हवा. एकदा प्रकरण छापून लोकांच्या घरी गेलं की गेलं. कंट्रोल झेड नाही. पंचविसाव्या प्रकरणात लक्षात आलं की तिसऱ्या प्रकरणातलं पात्र उगाच मारलं, तर आता काय करणार? म्हणून क्रमशः लिहिणाऱ्यांच्या कादंबऱ्यांत काही गोष्टी हमखास दिसतात. प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार ठोठावतं. गोष्ट मध्येच भलतीकडे जाते आणि खूप वेळाने परत येते. लेखक मध्येच थांबून वाचकाशी गप्पा मारतो. इंग्लंडात डिकन्सही असाच लिहायचा. हरिभाऊंचं पाल्हाळ कधी कधी खरंच अंगावर येतं, मी खोटं बोलणार नाही. 'उषःकाल'मधली काही पानं मी भराभर उलटली आहेत. पण तो माणूस ते पुस्तक म्हणून लिहीतच नव्हता. तो पुढचा अंक लिहीत होता.

'उषःकाल' १८९५ ते १८९७ या काळात करमणुकीत आली. या तारखा महत्त्वाच्या आहेत. १८९५ साली टिळकांनी केसरीतून रायगडावरच्या शिवसमाधीचा विषय लावून धरला आणि १८९६ साली रायगडावर शिवाजी उत्सव झाला. म्हणजे बाहेर शिवाजी महाराजांचं नाव नव्याने दुमदुमत होतं आणि त्याच महिन्यांत घराघरात दर आठवड्याला हरिभाऊंचं प्रकरण जात होतं. राजकारणात हरिभाऊ टिळकांच्या गटात नव्हते, तरीही!

आणि तरी या कादंबरीचा नायक शिवाजी महाराज नाहीत. ही युक्ती स्कॉटची. खरा मोठा माणूस थोडा मागे ठेवायचा, आणि पुढे एक कल्पनेतला तरुण आणायचा, ज्याच्या घरात इतिहास घुसतो. इथे तो तरुण म्हणजे नानासाहेब. त्याचे वडील रंगराव आप्पा सुलतानगडाचे किल्लेदार, विजापूरच्या बादशहाचे इमानी चाकर. खाल्ल्या मिठाला जागणारे. आणि मुलगा ओढला जातो तो सह्याद्रीत जमणाऱ्या त्या नव्या पोरांकडे. बाप वाईट नाही, हे इथे फार महत्त्वाचं आहे. त्याची निष्ठा खरी आहे, फक्त ती चुकीच्या ठिकाणी आहे असं मुलाला वाटतं. मी हे वाचत होते तेव्हा मला १६४० च्या आसपासचा काळ दिसतच नव्हता, मला १८९५ चं पुणं दिसत होतं. सरकारी नोकरीत प्रामाणिकपणे हयात घालवलेले वडील आणि कॉलेजात जाऊन वेगळंच काही डोक्यात घेतलेला मुलगा. वाचणाऱ्या कित्येक घरांत ही जोडी समोरासमोर जेवायला बसत असेल. मला तर वाटतं लोकांनी कादंबरी डोक्यावर घेतली ती याच्यामुळे, तलवारींमुळे नाही.

प्रेमकथांचं म्हणाल तर त्याही भरपूर. 'रूपनगरची राजकन्या' घ्या. औरंगजेबाच्या जनान्यात जायला नकार देणारी राजपूत मुलगी आणि तिच्या हाकेला धावून येणारा मेवाडचा राजसिंह. 'चंद्रगुप्त' घ्या, त्यात चाणक्याचे डावपेच आणि नंदांचा पाडाव. आणि 'गड आला पण सिंह गेला' तर नाव ऐकूनच माहीत असेल. १९०३-०४ ची ही कादंबरी, तानाजी मालुसऱ्यांची. यात हरिभाऊंनी उदयभानूच्या बरोबर कमलकुमारी आणली. पती गेलेली, सती जायला निघालेली राजपूत स्त्री, तिला उदयभानू पळवून नेतो आणि कोंढाण्यावर कोंडून ठेवतो. म्हणजे गड घ्यायला मावळे दोराने चढतायत तेव्हा नुसता गड सुटणार नाही, एक बाईही सुटणार आहे. वाचकाचा श्वास अडकवायची केवढी युक्ती! २०२० साली आलेला तान्हाजी सिनेमा होस्टेलवर बहुतेक सगळ्यांनी पाहिला असेल. त्यातली उदयभानने पळवून आणलेली कमलदेवी आठवते? ती हरिभाऊंच्या कमलकुमारीची सख्खी बहीण शोभावी. सव्वाशे वर्षांच्या जवळ आलो आपण, तरी युक्ती तशीच चालते आहे.

सिनेमावरून आठवलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली या कादंबरीवरून 'सिंहगड' नावाचा मूकपट काढला. त्यात शेलारमामाचं काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी! पुढे १९३३ साली प्रभातसाठी स्वतः शांतारामांनी बोलका 'सिंहगड' केला. इथे एक सावधगिरीची सूचना. शांतारामांचा १९३७ चा 'कुंकू' हा चित्रपटही आपटेंच्याच कादंबरीवरचा आहे, पण ते आपटे वेगळे, नारायण हरि आपटे. हरि नारायण आणि नारायण हरि. क्विझ कॉम्पिटिशनमध्ये हमखास फसवणारा प्रश्न आहे, लिहून ठेवा.

इतिहास म्हणून हे सगळं खरं का? नाही, सगळं नाही. सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर पडलं असं आपण शाळेत ऐकलं, पण शिवकाळातल्या पत्रात ते नाव १६७० च्या आधीच, १६६३ साली सापडतं. हरिभाऊंना दोष देणं मात्र बरोबर नाही. ते 'उषःकाल' लिहीत होते तेव्हा संशोधकांना अजून कागदच मिळायचे होते. राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला १८९८ साली, म्हणजे कादंबरी पुरी झाल्यावर! न्यायमूर्ती रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं पुस्तक १९०० चं. हरिभाऊंच्या हाताशी होत्या मुख्यतः बखरी, पोवाडे आणि ग्रँट डफ. उरलेलं त्यांनी मनाने भरलं. तुम्ही इतिहासासाठी त्यांच्याकडे जाणार असाल तर जाऊ नका. त्या काळच्या लोकांना इतिहासातून काय हवं होतं हे बघायचं असेल तर नक्की जा.

आता माझ्या मते या सगळ्या आयुष्यातली खरी चटका लावणारी गोष्ट. हरिभाऊंच्या एकूण कादंबऱ्या एकवीस धरतात. त्यांतल्या पुऱ्या किती? ऐका: 'गणपतराव' अपुरी. 'यशवंतराव खरे' अपुरी. 'आजच' अपुरी. 'मायेचा बाजार' अपुरी. 'सूर्यग्रहण' अपुरी, म्हणजे ग्रहण लागलं ते सुटलंच नाही! 'कर्मयोग' अपुरी. एवढ्यावर यादी संपतही नाही.

सीझन टू कधी येणार म्हणून आपण किती चिडचिड करतो. ज्या माणसाने दोन वर्षं दर आठवड्याला 'यशवंतराव खरे' वाचली, त्या यशवंताला लहानाचा मोठा होताना पाहिला, त्याला एका आठवड्यात कळलं असेल की पुढचं प्रकरण नाही. पुढच्याही आठवड्यात नाही. आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तरी लोक करमणूक घेत राहिले! यात वाचकांचं प्रेम किती म्हणावं?

असं का झालं? मला दोन कारणं दिसतात. एक तर पद्धतच तशी. पूर्ण आराखडा आधी तयार ठेवून ते लिहीत नसावेत, गोष्ट जाईल तसं जात असावेत, आणि काही वेळा गोष्ट अशा जागी गेली असेल की बाहेर यायला रस्ता नाही. ड्रॉइंगशिवाय जॉब मशीनवर चढवल्यासारखं. दुसरं कारण, हा माणूस कशालाच नाही म्हणत नव्हता. आनंदाश्रम होतंच. पुण्याच्या नगरपालिकेचं काम केलं, तिचे अध्यक्ष झाले. शाळांच्या कारभारात लक्ष घातलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखे मित्र, त्यांची सार्वजनिक कामं. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. वर नाटकं! मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून 'मारून मुटकून वैद्यबुवा', व्हिक्टर ह्यूगोवरून 'जयध्वज', शिवाय स्वतःची 'संत सखूबाई'. टागोरांच्या गीतांजलीचं मराठी भाषांतरही केलं. आपल्या कॉलेजात एक जण असतो बघा, तोच गॅदरिंगचा सेक्रेटरी, तोच एनएसएसला, तोच रोबोटिक्सला, आणि फायनल इयर प्रोजेक्ट मात्र अर्धा. तसंच काहीसं.

पण त्यांना नुसतं बोल लावायला माझं मन घेत नाही. कारण दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. आठवड्याची ती टांगती तलवार नसती तर एकवीस कादंबऱ्या सुरू तरी झाल्या असत्या का? एक नीट आखलेली, पाच वेळा घासूनपुसून लिहिलेली कादंबरी मिळाली असती कदाचित. पण 'उषःकाल' जशी श्वास न घेता पळते तशी ती पळाली असती असं मला वाटत नाही. माझ्या रूममेटला हे पटत नाही. तिचं म्हणणं, सहा अपुऱ्यांच्या जागी तीन पुऱ्या चालल्या असत्या. यावर आमचं मेसमध्ये चांगलंच वाजलं आहे!

तिच्या बाजूने बोलायचं तर 'वज्राघात' आहे. १९१३ ते १९१५ मधली ही कादंबरी हरिभाऊंनी पन्नाशीला आलेले असताना लिहिली आणि नीट पुरी केली. विषय विजयनगरचा नाश, १५६५ ची राक्षसतागडीची लढाई, पुस्तकांत तिला तालिकोटची लढाईही म्हणतात. विजयनगरचा रामराजा आणि मेहेरजान यांचं प्रेम, सत्तेसाठी त्याने तिला दूर लोटणं, आणि त्यांचा मुलगा रणमस्तखान पुढे शत्रूच्या बाजूला उभा राहणं. तरुणपणी केलेला एक अन्याय फिरून येतो आणि आख्खं साम्राज्य घेऊन जातो. इथे पाल्हाळ कमी आहे. शेवट पहिल्यापासून ठरलेला असावा असं वाटतं, कारण सगळं हळूहळू तिकडेच सरकत जातं. हंपीला ट्रिपला जाणाऱ्यांनी आधी ही वाचावी, दगडांकडे बघण्याची नजर बदलेल. 'उषःकाल'मध्ये मुलगा बापाला सोडून स्वराज्याकडे जातो. इथे मुलगा बापाविरुद्ध उभा राहतो आणि राज्यच बुडतं. दोन पुस्तकांत वीस वर्षांचं अंतर. त्या वीस वर्षांत त्या माणसाने काय काय पाहिलं होतं! १८९७ चा पुण्यातला प्लेग, जवळच्या माणसांचे मृत्यू, मित्रांमधली भांडणं, १९०७ साली सुरतेला मोडलेली काँग्रेस. पहाट लिहिणारा माणूस आता विध्वंस लिहीत होता.

हरिभाऊंच्या वाटेने पुढे नाथमाधव आले. त्यांनी स्वराज्यावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या सावानासारख्या जुन्या वाचनालयांतून अशा कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या घरी गेल्या. पानं सुटी होईपर्यंत वाचल्या गेल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. शिवकाळावरची आजची जाडजूड पुस्तकं आपण वाढदिवसाला भेट देतो ना, त्या रांगेत सगळ्यात पुढे उभे आहेत ते हरिभाऊच.

१९१७ साली करमणूक बंद झालं. 'कर्मयोग' तेव्हा चालूच होती, ती तिथेच राहिली. तब्येत साथ देत नव्हती. ३ मार्च १९१९ ला हरिभाऊ पुण्यात गेले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

वाचायला सुरुवात करायची तर 'गड आला पण सिंह गेला' घ्या, ती छोटी आहे, एका लाँग वीकएंडला होते. मग 'उषःकाल'. 'सूर्यग्रहण' मात्र परीक्षेच्या आधी अजिबात हातात धरू नका. शेवट काय झाला असेल याचा विचार करत रात्र जाते, आणि विचारायचं कोणाला?